कान टोचायचे कोणी?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक ठिणगी पडली. लेकीची बारावीची परीक्षा संपली आणि त्याच रात्री जेवताना, मीठ मागावं इतक्या सहज, तिने सांगून टाकलं, "आई, मी नाक टोचून घेणार आहे."

"अजिबात नाही." माझ्या तोंडून निघूनसुद्धा गेलं. विचार वगैरे करायच्या आतच.

"का?"

का? मग मी कारणं गोळा करायला लागले. पिकेल, खूण राहील, पुढे इंटरव्ह्यूला कसं दिसेल, आणि लोक... "लोक" म्हटल्यावर लेकीने नुसतं माझ्याकडे बघितलं. पलीकडे वरणभात कालवत बसलेली माझी आई फिस्सकन हसली. "तुझ्या आईच्या नाकावरून आमच्या घरात आठवडाभर रणकंदन झालं होतं, विचार तिला!"

खरं होतं ते. मी बारा वर्षांची असताना आजीने सोनाराला घरी बोलावलं होतं आणि मी माडीवर जाऊन आतून कडी लावून बसले होते. नाक टोचलेल्या मुली मला तेव्हा अगदी काकूबाई वाटायच्या. शेवटी बाबा मध्ये पडले. "नको म्हणतेय ना ती, राहू दे." सोनार चहा पिऊन परत गेला आणि आजी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढे लग्नात मी चापाची नथ घातली, ती नेमकी मंगलाष्टकं चालू असताना निसटून अक्षतांत पडली. आजीचा तेव्हाचा चेहरा आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे!

असो. त्या रात्री मला झोप लागेना. आपण नेमकं कशाला "नाही" म्हणालो? भोकाला, की तिने ते मागण्याला? मग सवयीप्रमाणे जुनी पुस्तकं काढून बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात कानापासून. आपल्याकडे कान टोचणं म्हणजे बंडखोरी नाही, संस्कार. कर्णवेध. बाराव्या दिवशी बारशालाच सोनार येतो, सोन्याच्या तारेने बाळाचे कान टोचतो, बाळ घर डोक्यावर घेतं आणि बायका कौतुकाने हसतात. आपल्या भाषेतही हे मुरलेलं आहे. घरच्यांचं ऐकत नसेल त्याला अधिकारी माणसाने चार शब्द सुनावले की आपण म्हणतो, सोनारानेच कान टोचावे लागतात.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय या विषयाचा आहे. वाचताना मी थक्क झाले. मूल सहाव्या किंवा सातव्या महिन्यात असावं, शुक्ल पक्ष असावा, दाईने त्याला मांडीवर घ्यावं, खेळणी दाखवून रमवावं. वैद्याने डाव्या हाताने कानाची पाळी ओढावी आणि सूर्यप्रकाश जिथून आरपार दिसतो तिथे नेमकं टोचावं. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरी. मग तेलात भिजवलेली कापसाची वात घालावी आणि दर तिसऱ्या दिवशी आणखी जाड वात घालून भोक वाढवावं. चुकीची शीर टोचली तर काय काय होतं तेही दिलं आहे. एवढंच नाही, पाळी फाटली तर ती जोडायचे पंधरा प्रकार आहेत! हेतू दोन सांगितले आहेत, बाळाचं रक्षण आणि शोभा. म्हणजे फॅशनही आलीच त्यात, दोन हजार वर्षांपूर्वी.

मुलगा-मुलगी दोघांचेही कान टोचले जात, हे लक्षात घ्या. आणि दोघांनाही कुणी विचारत नसे. सहा महिन्यांच्या बाळाला काय विचारणार?

आता नाक. इथे मला खरा धक्का बसला. माझी आजी नथीला "आपली वेदकाळापासूनची रीत" म्हणायची. पण अजिंठ्याची चित्रं डोळ्यांसमोर आणा. राण्या, दासी, अप्सरा, अंगभर दागिने, कानात तर खांद्यापर्यंत लोंबणारी कुंडलं. नाक? मोकळं. वेरूळच्या देवीसुद्धा तशाच. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी १९३८ च्या सुमारास नथीच्या प्राचीनतेवर एक लेख लिहिला. त्यांनी जुनी संस्कृत साहित्यसंपदा पालथी घातली आणि निष्कर्ष काढला की साधारण इसवी सन १००० च्या आधी नाकातल्या दागिन्याचा उल्लेख आपल्याकडे सापडत नाही. कोल्हापूरकडचे इतिहासकार डॉ. अ. स. आळतेकर यांनीही त्याच सुमाराला, स्त्रियांच्या स्थितीवरच्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथात, प्राचीन हिंदू काळात नथ नव्हती आणि ती मुसलमानांच्या संपर्कातून आली असं म्हटलं. म्हणजे जी नथ नसेल तर आज मराठी नवरी अपुरी वाटते, ती केव्हातरी कुणाच्या तरी आजीला "हे काय नवीन खूळ" वाटलं असणार. (आजी, तू असतीस तर यावर आठवडाभर बोलली नसतीस!)

बरं, नथ फक्त बायकांची होती म्हणावं तर तेही नाही. ज्या घरात मुलगे जगत नसत, तिथे नव्या मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालत. दैवाला वाटावं ही मुलगीच आहे, मग ते दुर्लक्ष करील! नथू, नथुराम ही नावं त्यातूनच आली, आणि उत्तरेतलं छेदीलालही. धोंडू, दगडू, केरू ही त्याच भीतीची भावंडं. नावं ऐकून आपण हसतो, पण प्रत्येक नावामागे आधी गेलेली लेकरं आहेत.

आणि भिकबाळी? पुरुषाने कानाच्या वरच्या भागात घालायची बाळी. नवसाच्या मुलासाठी भीक मागून सोनं जमवायचं आणि त्याची बाळी करायची, म्हणून भिकबाळी, असं आमच्या घरी सांगत. जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली. ती पाहा. कानात टपोरे मोती. मराठी दौलतीचा कारभार हाकणाऱ्या माणसाला कानातल्यामुळे कुणी बायकी म्हटलं नाही.

मग कचेऱ्या आल्या, इंग्रजी शाळा आल्या, कोट आले आणि शिकलेल्या पुरुषांचे कान हळूहळू रिकामे झाले. बारशाला टोचायचे, थोडा मोठा झाला की बाळी काढून ठेवायची, भोक बुजून जायचं.

हे मला नीट ठाऊक आहे, कारण माझ्या बाबांच्या दोन्ही पाळ्यांवर असे बुजलेले खळगे होते. आणि याच बाबांनी १९९६ साली, धाकटा भाऊ कॉलेजातून डाव्या कानात चांदीची बारीक रिंग घालून आला तेव्हा, ताटावरून उठून "ही थेरं या घरात चालायची नाहीत" म्हणून आवाज चढवला होता. गंमत म्हणजे आजी नातवाच्या बाजूने होती. तिची तक्रार एवढीच की वरच्या बाजूला का नाही टोचलंस, आजोबांची भिकबाळी दिली असती! भावाने रिंग काढली. बाप-लेकांत पुढे दोन वर्षं कामापुरतंच बोलणं होतं. (वाचत असशील तर रागावू नकोस रे. आता लिहायला हरकत नाही असं वाटलं.)

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. मला "नको" म्हणायची मुभा देणारे बाबा त्याला "हवं" म्हणायची मुभा देऊ शकले नाहीत. आणि परवा जेवताना मी त्यांच्याच सुरात बोलले.

मुभा या शब्दावरून आजीची थोरली बहीण आठवली. आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. तिच्या डाव्या नाकपुडीवर एक काळपट टिंब होतं. लहानपणी मी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तिथे माझी नथ होती." बाविसाव्या वर्षी यजमान गेले, नथ उतरवली. नाक टोचताना तिला कुणी विचारलं नव्हतं आणि नथ काढतानाही नाही. भोक मात्र तिचंच होतं, ते ऐंशी वर्षांपर्यंत राहिलं.

आता "पाश्चात्त्यांचं अनुकरण" या आरोपाकडे येऊ. १९६०-७० च्या दशकांत हिप्पी मंडळी आपल्याकडे आली, गोव्याच्या किनाऱ्यांवर राहिली, आणि इथल्या बायकांचं पाहून नाकात चमकी घालून परत गेली. तिकडे ती बंडखोरीची खूण झाली. तिथून एमटीव्हीवरून पुन्हा आपल्याकडे आली, तेव्हा आपण तिला ओळखलंच नाही. आपलीच मोरणी, परदेश फिरून आली तर घरात घेईनात!

याच प्रश्नावर दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली एक मोठा निकाल दिला आहे. डर्बनमधली तमिळ वंशाची एक शाळकरी मुलगी २००४ मध्ये सुट्टीत नाक टोचून आली. शाळेच्या नियमात चमकी बसेना. मुलगी वयात आली की नाक टोचायचं ही आमच्या घरची रीत आहे, असं आईने शाळेला लिहून कळवलं. शाळा ऐकेना. प्रकरण एकेक पायरी चढत सर्वोच्च पातळीवर गेलं आणि मुलगी जिंकली. न्यायालयाने म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. एखादी रीत धर्माने सक्तीची केलेली नसेल, माणूस ती आपणहून पाळत असेल, तरी तिला संरक्षण आहे. मला त्या लढणाऱ्या आईचं कौतुक वाटलं. पण मनात एक खडा टोचत राहिला. तिच्या मागे घराण्याची रीत उभी होती. तीच चमकी तिने नुसती "मला आवडते" म्हणून घातली असती तर?

म्हणजे भोक तेच, दागिनाही तोच. आजीने टोचलं तर संस्कार, नवसाचं असेल तर श्रद्धा, आणि पोरीने स्वतः मागितलं तर थेर. भांडण दागिन्याचं नाहीच. सुई कुणाच्या मर्जीने चालणार, याचं आहे.

पिकण्याची भीती मात्र खोटी नाही. निर्जंतुक नसलेल्या सुईतून कावीळसुद्धा होऊ शकते, आणि कानाच्या कुर्चेत पू झाला तर कानाचा आकार बिघडतो. त्यामुळे मी एकच अट घातली, जागा मी बघणार. लेक तयार झाली.

गेल्या शनिवारी आम्ही तिघी रिक्षाने गेलो. हो, आई पण! नाकात घालून ठेवायला तिने कडुलिंबाच्या काड्या पुडीत बांधून आणल्या होत्या, त्या मोठ्या मुश्किलीने पर्समध्ये ठेवायला लावल्या. तिथल्या मुलीने हातमोजे घातले, सीलबंद सुई आमच्यासमोर फोडली. लेकीला अजून अठरा पूर्ण नाहीत, म्हणून कागदावर सही माझी घेतली. पण सुई उचलण्याआधी ती लेकीकडे वळली आणि म्हणाली, "नक्की ना? नको वाटलं तर आत्ता सांग, काही हरकत नाही."

आई माझ्या कानाशी कुजबुजली, "आमच्या वेळी असं कुणी विचारलं नव्हतं."

लेकीने मान हलवली. क्षणभर डोळ्यांत पाणी आलं तिच्या, आणि झालं. घरी येताना रिक्षाच्या आरशात ती सारखी नाक बघत होती. रात्री आईने कपाटातून एक डबी काढली. आत आजीची नथ होती. "भोक भरलं की घाल," म्हणाली, "आणि नाही आवडली तर नको घालूस."

तुमच्याकडे कान कुणी टोचले होते, आणि नाकाचं काय झालं? नक्की सांगा. मामाआजोबांच्या भिकबाळीची गोष्ट कुणाला पूर्ण माहीत असेल, तर तीही लिहा. माझ्याकडे ती अर्धीच आहे.