वांब : मध्यरात्रीच्या एका वेदनेचा इतिहास

१. रात्रीचे अडीच-तीन वाजलेले असतात. घरातली वडीलधारी व्यक्ती गाढ झोपेतून एकदम कळवळून उठते. पोटरीचा स्नायू दगडासारखा घट्ट झालेला असतो आणि पाऊल खाली ओढले गेलेले असते. काही मिनिटांत गोळा उतरतो, पण ठणका पुष्कळदा सकाळपर्यंत राहतो. साठीनंतर हा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो. आजच्या धाग्यात या वेदनेचा इतिहास पाहू.

२. लढाया, तह आणि राज्याभिषेक यांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. ज्या दुखण्याने सहसा कोणी दगावत नाही, त्याला मात्र इतिहासग्रंथांत जागा मिळत नाही. तरीही या दुखण्याच्या कहाणीत राजे आहेत, वसाहती आहेत, एक झाड आहे आणि एक अतिशय कडू औषध आहे. शिवाय इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने स्वतःला विचारावा असा एक प्रश्न आहे : ‘गुण आला’ असे आपण नेमके कशावरून म्हणतो?

३. आरंभ शब्दांपासून करू. मराठीत या दुखण्याला वांब येणे, पेटके येणे, गोळा चढणे असे म्हणतात. पोटरीसाठी ‘पिंढरी’ हा शब्दही आहे आणि त्याचे नाते संस्कृत ‘पिंडिका’ या शब्दाशी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातजन्य अशा ऐंशी विकारांची गणना आहे. त्यांत ‘पिंडिकोद्वेष्टन’, म्हणजे पोटरी पिळवटणे, हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदलेला आहे. याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात पाय, पोटरी, मांडी आणि मनगट यांना पीळ पाडणाऱ्या ‘खल्ली’ या व्याधीचे वर्णन येते.

४. आयुर्वेदाच्या मते वार्धक्यात वाताचे प्राबल्य असते आणि वातावरचे मुख्य उपचार म्हणजे तेल व शेक. आजच्या शरीरशास्त्राची भाषा वेगळी आहे, म्हणून त्या सिद्धांताला येथे आजची मोजपट्टी लावण्याचे कारण नाही. निरीक्षण मात्र लक्षात घ्यावे. पोटरीच्या या पिळाला स्वतंत्र नाव द्यावे, इतके प्राचीन वैद्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले होते.

५. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये याच दुखण्यावर अगदी निराळा उपाय रूढ होता. गुड फ्रायडेच्या दिवशी राजा काही अंगठ्या हातात घेऊन मंत्रवत प्रार्थनेने त्या अभिमंत्रित करी. या ‘पेटक्यांच्या अंगठ्या’ बोटात घातल्या की पेटके आणि अपस्मार दूर राहतात, अशी श्रद्धा होती. राजघराण्याशी संबंध असलेली माणसे त्या परदेशातही मागवून घेत. राणी मेरी ट्यूडर ही हा विधी करणारी शेवटची राज्यकर्ती. १५५८ मध्ये तिचे निधन झाले आणि तिच्यानंतर गादीवर आलेल्या एलिझाबेथने ही प्रथा पुढे चालवली नाही.

६. अंगठीवर हसण्यापूर्वी क्षणभर थांबू. पेटका कोणी काहीही न करता काही मिनिटांत ओसरतो. शिवाय एखादा आठवडा रोज रात्री पेटके येतात, तर पुढचा महिनाभर एकही येत नाही. माणूस उपाय शोधतो तो त्रास सर्वाधिक असताना. त्यानंतर त्रास बहुधा आपोआपच कमी होणार असतो. अशा दुखण्यावर अंगठीलाही गुण येतो. हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण पुढे विसाव्या शतकातही ते कामाला येणार आहे.

७. आता दक्षिण अमेरिकेकडे वळू. अँडीज पर्वतात सिंकोना नावाचे झाड उगवते. त्याची साल हिवतापावर गुणकारी असल्याचे सतराव्या शतकात जेझुइट धर्मप्रसारकांमार्फत युरोपला कळले. १८२० मध्ये पॅरिस येथे पेल्तिए आणि काव्हांतू या दोघा रसायनज्ञांनी त्या सालीतील प्रभावी द्रव्य वेगळे केले. तेच क्विनीन. हिवतापाने पोखरलेल्या उष्ण प्रदेशांत युरोपीय सत्तांना सैन्य व कचेऱ्या टिकवून धरता आल्या, त्यात या द्रव्याचा वाटा मोठा आहे.

८. या कहाणीत भारत येतो तो येथे. १८६० मध्ये क्लेमेंट्स मार्कहम यांच्या मोहिमेने अँडीजमधून सिंकोनाची रोपे व बी बाहेर काढले आणि निलगिरीत लागवड सुरू झाली. पुढे दार्जिलिंगजवळ मंगपू येथेही सरकारी मळे उभे राहिले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला क्विनीनची पुडी विकली जाऊ लागली. पत्र टाकायला गेलेला माणूस तापाचे औषध घेऊन घरी परते.

९. याच काळातली एक छोटी नोंद महत्त्वाची आहे. १८६५ मध्ये विपन नावाच्या इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले की, क्विनीनमुळे काही रुग्णांच्या त्वचेखाली रक्तस्राव होऊन जांभळे डाग उठतात. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका या औषधाने काही व्यक्तींमध्ये झपाट्याने नष्ट होतात, हे कारण पुष्कळ नंतर कळले. पण धोक्याची घंटा वाजली होती ती १८६५ मध्येच.

१०. हिवतापाचे औषध पोटरीपर्यंत कसे पोहोचले? १९३० च्या दशकात असे आढळले की, क्विनीन स्नायूंची उत्तेजित होण्याची क्षमता कमी करते. आखडलेले स्नायू लवकर सैल न होणाऱ्या एका दुर्मीळ आजारात त्याचा उपयोग झाला. त्याच वाटेने १९४० मध्ये मॉस आणि हर्मन या अमेरिकन डॉक्टरांनी रात्रीच्या पेटक्यांवर क्विनीन वापरून पाहिले आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आपला प्राथमिक अहवाल छापला. निष्कर्ष आशादायक होता.

११. ‘प्राथमिक’ हा शब्द महत्त्वाचा. आज आपण ज्याला तुलनात्मक चाचणी म्हणतो, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे रुग्णांचे दोन गट पाडणे आणि एकाला औषध देणे, दुसऱ्याला न देणे, ती पद्धत तेव्हा रुजलेली नव्हती. तिचा गाजलेला आरंभ १९४८ मध्ये ब्रिटनमधील क्षयरोगाच्या चाचणीने झाला. त्यामुळे अंगठीला लावायचा तोच प्रश्न या गोळीलाही लागू होता : पेटके औषधाने थांबले की ते तसेही थांबणार होते?

१२. १९४२ मध्ये जपानने जावा बेट जिंकले. जगातील बहुतांश क्विनीन तेथील डच मळ्यांतून येत असल्याने त्याचा तुटवडा पडला आणि कृत्रिम औषधांच्या शोधाला वेग आला. युद्धानंतर हिवतापावर क्लोरोक्विनसारखी नवी औषधे पुढे आली व क्विनीन मागे पडले. पण रणांगणावरून निवृत्त झालेल्या या औषधाला वृद्धांच्या शय्यागृहात दुसरी नोकरी मिळाली. अमेरिकेत ते चिठ्ठीविना दुकानात मिळे. ब्रिटनमध्ये डॉक्टर ते वर्षानुवर्षे लिहून देत. क्विनीनमुळेच कडू लागणारे टॉनिक वॉटर झोपण्यापूर्वी पिण्याची रीतही पडली.

१३. पुढचा अध्याय संशोधनाच्या इतिहासातला एक उत्तम धडा आहे. १९९५ मध्ये मॅन-सन-हिंग आणि वेल्स या कॅनडातील संशोधकांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचण्या एकत्र केल्या. त्यांवरून क्विनीनमुळे चार आठवड्यांत सुमारे नऊ पेटके कमी होतात, असे दिसले. १९९८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी अप्रकाशित राहिलेल्या चाचण्याही मिळवून हिशेबात धरल्या. तेव्हा नऊचा आकडा सुमारे साडेतीनवर उतरला.

१४. हा फरक कोठून आला? जेथे औषधाला यश दिसले त्या चाचण्या छापल्या गेल्या, आणि जेथे फारसे काही दिसले नाही त्या कपाटात राहिल्या. बखरीत विजयाचे वर्णन पानभर असते आणि पराभव एका वाक्यात उरकला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. विज्ञानाच्या दप्तरातही असेच घडू शकते. उपलब्ध साधने म्हणजे संपूर्ण साधने नव्हेत, हा इतिहासाचा पहिला नियम वैद्यकालाही लागू पडतो.

१५. दरम्यान धोक्यांची यादी वाढत होती : कानांत आवाज होणे, दृष्टी बिघडणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि विपनने नोंदवलेला तोच रक्तस्राव. १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पेटक्यांसाठी क्विनीनच्या खुल्या विक्रीस बंदी करणारा नियम केला. डिसेंबर २००६ मध्ये मान्यता नसलेली क्विनीनची सर्व उत्पादने बंद करण्याचा आदेश देताना प्रशासनाने सांगितले की, १९६९ पासून गंभीर दुष्परिणामांच्या ६६५ नोंदी आल्या असून त्यांत ९३ मृत्यू आहेत.

१६. येथे दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. क्विनीन अंगठीसारखे निव्वळ निष्प्रभ नव्हते. पेटके थोडेफार कमी होतात हे नंतरच्या आढाव्यांतही टिकले. वर्षानुवर्षे झोप मोडलेल्या वृद्धाला महिन्यात तीन-चार रात्री शांत मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. प्रश्न मोबदल्याचा होता. जीव न घेणाऱ्या दुखण्यासाठी, क्वचित का होईना, जीव घेऊ शकणारे औषध द्यावे काय? अनेक देशांच्या नियामकांनी त्याचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘अगदी शेवटचा उपाय म्हणून’ असे दिले.

१७. मग उरते काय? १९७९ मध्ये डॅनिएल या अमेरिकन डॉक्टरने एका नियतकालिकाला पत्र लिहून साधा व्यायाम सुचवला : भिंतीसमोर उभे राहावे, टाचा जमिनीवर टेकलेल्या ठेवाव्यात, हात भिंतीवर ठेवून पुढे झुकावे आणि पोटरीला ताण द्यावा. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये १९१ वृद्धांवर त्याची चाचणी झाली. लाभ दिसला नाही. मात्र ज्यांना क्विनीन थांबवण्यास सांगितले होते, त्यांचे पेटकेही लक्षणीय वाढले नाहीत. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये पंचावन्न वर्षांवरील ८० जणांच्या चाचणीत ज्यांनी झोपण्यापूर्वी पोटरी व मांडीचा मागचा भाग ताणला, त्यांचे पेटके सहा आठवड्यांत कमी झाले. पुरावा असा संमिश्र आहे. पण या उपायात धोका जवळजवळ नाही आणि खर्च शून्य.

१८. आज औषधांच्या दुकानात यासाठी मॅग्नेशियमच्या गोळ्या आवडीने घेतल्या जातात. २०२० मध्ये अशा चाचण्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. वृद्धांचे पेटके टाळण्यासाठी मॅग्नेशियमचा अर्थपूर्ण उपयोग होण्याची शक्यता कमी, असा त्याचा निष्कर्ष आहे. अंगठी, क्विनीन, मॅग्नेशियम : वस्तू बदलत गेली, पण रात्रीच्या वेदनेला काहीतरी हातात हवे असते, ही गरज कायम राहिली.

१९. आजची समजूत थोडक्यात अशी : पेटक्याचा उगम बहुधा स्नायूत नसून त्याला आज्ञा देणाऱ्या चेतातंतूत असतो. वयोमानानुसार हे तंतू कमी होत जातात. झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते, त्यामुळे आधीच आखूड झालेली पोटरी किंचितशा आज्ञेनेही घट्ट आवळली जाते. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि दम्यावरची काही औषधेही पेटक्यांशी निगडित आढळली आहेत. म्हणून पेटके वारंवार येत असतील, तर घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. स्वतःच्या मनाने कोणतेही औषध सुरू किंवा बंद करू नये. पाय सुजत असेल, बधिर होत असेल किंवा चालतानाही दुखत असेल, तर विलंब करू नये.

२०. आणि प्रत्यक्ष पेटका आला की? गुडघा सरळ ठेवून पावलाची बोटे नडगीकडे ओढावीत, हळूहळू पण ठामपणे. मग पोटरी चोळावी, शेक द्यावा. घाईघाईने अंधारात उठू नये, कारण या वयात पेटक्यापेक्षा पडणे अधिक महाग पडते. दिवा हाताशी असावा आणि पलंगाजवळ आधाराची काहीतरी वस्तू असावी. चोळणे आणि शेकणे यांचे प्राचीन वैद्यांच्या तेल व शेकाशी असलेले साम्य आपल्या ध्यानात आले असेलच.

२१. या कहाणीचे सार असे सांगता येईल. हे दुखणे म्हाताऱ्यांचे आणि न मारणारे, म्हणून त्याच्या उपायाची कसून परीक्षा घेण्याची निकड पन्नासहून अधिक वर्षे फारशी कोणाला वाटली नाही. १८६५ चा इशारा आणि १९४० चा आशावाद दोन्ही छापील स्वरूपात उपलब्ध होते. लोकांनी आशावाद वाचला. वेदना लहान मानली की तिच्यावरच्या औषधाचा धोकाही लहान वाटू लागतो.

२२. वाचकहो, इतिहासाची साधने केवळ दप्तरखान्यात नसतात. आज आपल्या आजीला किंवा आजोबांना विचारून पाहा : रात्री वांब येते का? तेव्हा तुम्ही काय करता? तुमच्या लहानपणी घरातली मोठी माणसे काय करीत? मिळालेले उत्तर लिहून ठेवा. ज्या दुखण्याची नोंद कोणी ठेवली नाही, त्याची पहिली नोंद कदाचित आपल्या वहीत होईल. आणि रात्री अडीच वाजता पलीकडच्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला, तर दिवा लावून त्यांचे पाऊल कसे धरायचे, हे आपल्याला आता ठाऊक आहे.