बायपास शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती : सुरक्षिततेच्या तुलनेचा इतिहास

प्रास्ताविक

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या कोरोनरी धमन्या अरुंद झाल्या, की छातीतील धमनी किंवा पायातील शीर जोडून अडथळ्याच्या पुढे रक्त पोचविले जाते. हीच बायपास शस्त्रक्रिया होय. ती मुख्यतः दोन प्रकारे केली जाते. एका पद्धतीत हृदय थांबवून रक्ताभिसरण हृदय-फुप्फुस यंत्रावर चालविले जाते. दुसऱ्या पद्धतीत हृदय धडधडत असतानाच टाके घातले जातात. 'यंत्राविना' हा शब्द रुग्णाच्या नातेवाइकांना साहजिकच धीर देतो. परंतु यंत्र नसणे म्हणजे धोका नसणे काय, हा प्रश्न वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ पडला होता.

दोन्ही पद्धतींचा उगम

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका १८ वर्षांच्या तरुणीच्या हृदयातील छिद्र यशस्वीपणे बंद केले. मात्र १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतील धमनी कोरोनरी धमनीस जोडली, ती या यंत्राविना. म्हणजे आज नवी समजली जाणारी पद्धत वस्तुतः जुनीच आहे. पुढे १९६७ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायातील शिरेचा उपयोग सुरू केला व ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. थांबलेल्या हृदयावर बारीक टाके अचूक घालता येत असल्याने यंत्राची पद्धत प्रमाण ठरली. भारतात १९७५ साली मद्रास येथे डॉ. के. एम. चेरियन यांनी पहिली बायपास शस्त्रक्रिया केली.

यंत्रावरील आक्षेप

यंत्रातील कृत्रिम पृष्ठभागांशी रक्ताचा संपर्क आल्याने शरीरात दाहाची प्रतिक्रिया उद्‌भवते. महाधमनीस चिमटा लावताना तिच्या भिंतीवरील चुन्याचे वा चरबीचे कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतात. या कारणांमुळे अर्जेंटिनात फेडेरिको बेनेट्टी व ब्राझीलमध्ये एनिओ बुफोलो यांनी यंत्राविना पद्धतीला पुन्हा चालना दिली. १९९० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथे 'ऑक्टोपस' नावाचे उपकरण तयार झाले. त्याच्या शोषक कपांमुळे हृदयाचा केवळ टाके घालावयाचा भाग स्थिर ठेवता येऊ लागला.

२००१ साली ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासाने चिंता वाढविली. यंत्रावर शस्त्रक्रिया झालेल्या २६१ रुग्णांपैकी ५३ टक्क्यांची स्मरण-आकलनशक्ती रुग्णालयातून घरी जाताना घटलेली आढळली. पाच वर्षांनंतर हे प्रमाण ४२ टक्के होते. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे अनेकांच्या ध्यानी आले नाही. ही उणीव नेदरलँड्समधील 'ऑक्टोपस' अभ्यासाने भरून काढली. त्यात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली होती. २००७ साली पाच वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत आकलनातील घट सारखीच, म्हणजे ५०.४ टक्के होती. अर्थात दोष एकट्या यंत्राचा नव्हता. वय व धमन्यांचा मूळ विकार यांचाही वाटा असला पाहिजे. विशेष म्हणजे, जेथे उपकरण निर्माण झाले त्याच देशाने त्याची ही कठोर परीक्षा घेतली.

मोठ्या चाचण्यांचा कौल

२००९ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील 'रूबी' चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातील २,२०३ रुग्णांपैकी यंत्राविना गटात वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पुन्हा शस्त्रक्रियेची गरज अशा घटना ९.९ टक्के, तर यंत्राच्या गटात ७.४ टक्के घडल्या. पाच वर्षांतील मृत्यूही अनुक्रमे १५.२ व ११.९ टक्के होते.

याउलट २०१२ साली भारतासह १९ देशांतील ४,७५२ रुग्णांवरील 'कोरोनरी' चाचणीत तीस दिवसांतील गंभीर घटना ९.८ व १०.३ टक्के, म्हणजे जवळपास सारख्याच निघाल्या. यंत्राविना गटात रक्त कमी द्यावे लागले, परंतु पुन्हा रक्तमार्ग मोकळा करण्याची गरज अधिक पडली. पाच वर्षांनंतरही दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. जर्मनीत ७५ वर्षे व त्यावरील रुग्णांवरील २०१३ च्या चाचणीनेही असाच निष्कर्ष दिला.

ही विसंगती कशामुळे? 'रूबी'मध्ये शल्यविशारदाला यंत्राविना किमान २० शस्त्रक्रियांचा अनुभव पुरेसा मानला होता. 'कोरोनरी'मध्ये ही अट शंभराहून अधिक शस्त्रक्रियांची होती. ऐनवेळी यंत्राकडे वळावे लागण्याचे प्रमाण पहिलीत १२.४, तर दुसरीत ७.९ टक्के होते. अशी घाईची फेरबदल रुग्णास धोकादायक ठरते.

निष्कर्ष

भारतातील अनेक केंद्रांत 'बीटिंग हार्ट' पद्धत रूढ झाली, त्यामागे यंत्रासाठी लागणाऱ्या एकदाच वापरावयाच्या साहित्याचा खर्च वाचणे हेही एक कारण आहे. महाधमनी कठीण झालेल्या रुग्णात तिला स्पर्श न करता केलेली यंत्राविना शस्त्रक्रिया पक्षाघाताचा धोका कमी करते. मात्र चिमटा लावावाच लागला तर हा लाभ घटतो. म्हणून सुरक्षितता पद्धतीच्या नावात शोधणे योग्य नव्हे. 'यंत्र वापरणार काय?' या प्रश्नाइतकाच 'या पद्धतीचा आपला अनुभव किती?' हा प्रश्नही रुग्णाच्या कुटुंबाने विचारावयास हवा. पन्नास वर्षांच्या तुलनेतून मिळालेला हाच सर्वांत उपयुक्त धडा होय.