‘सर करणें’ म्हणजे काय?



ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्यानें निघालें, कीं शेवटीं वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वरसावें लागतें. जवळच टेकडीवर घोडबंदरचा किल्ला आहे आणि खाडीच्या मुखाशीं, उत्तर तीरावर, वसईचा. दोहोंविषयीं आपण एकच क्रियापद योजतों : मराठ्यांनीं ते पोर्तुगीजांपासून सर केले. पहिला १७३७ सालीं, दुसरा १७३९ च्या मे महिन्यांत. हें क्रियापद नेमकें काय सांगतें, तें आज पाहूं.

‘सर’ हा शब्द फारसी. त्याचा मूळ अर्थ शीर. सरदार, सरलष्कर, सरनौबत यांच्या आरंभीं तोच आहे. लिंगवचनाप्रमाणें तो बदलत नाहीं : किल्ला सर केला, ठाणीं सर केलीं.

‘मुलूख मारणें’ याहून ही गोष्ट निराळी. मुलूख मारणारा लूट घेऊन दुसऱ्या दिवशीं निघून जाऊं शकतो. सर करणाऱ्यास तेथें आपलें ठाणें बसवावें लागतें, शिबंदी ठेवावी लागते, रयतेस कौल द्यावा लागतो.

वसईस चिमाजीआप्पांनीं मोर्चे लावले, सुरुंग उडविले, तटाला भगदाडें पाडलीं. दोन्हीकडे फार माणसें पडलीं. अखेर किल्ला हातीं आला तो तहानें. पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह, निशाणें फडकावीत, वाद्यें वाजवीत बाहेर पडूं दिलें. म्हणजे शत्रूचा समूळ संहार हा ‘सर करणें’ याचा आवश्यक अर्थ नव्हे. त्याचा अंमल उठणें हा आहे.

मात्र ‘करणें’ जाऊन ‘होणें’ आलें, कीं एक मोठी गोष्ट लोपते. ‘किल्ला सर झाला’ या वाक्यांत कर्ताच उरत नाहीं. सुरुंगाच्या दगडांखालीं गाडले गेलेले शिपाई त्या ‘झाला’ मध्यें दिसत नाहींत. बहुतेकांचीं नांवें आपणांस ठाऊकही नाहींत.

शिवाय हें क्रियापद काळाची हमी देत नाहीं. ठाणें इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस घेतलें, वसई १७८० त. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई मराठ्यांस परत मिळाली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

आज आपण पर्वतशिखरेंही सर करतों. तेथें ठाणें बसत नाहीं, अंमलही चालत नाहीं. शब्द रणांगणावरून डोंगरावर गेला. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु इतिहास लिहितांना तरी ‘सर झाला’ असें लिहून थांबूं नये. कोणीं केला, कसा केला आणि किती माणसें खर्चून केला, हें त्यापुढें लिहावें.