दीनता आधी, शांती नंतर

मत्तयाच्या शुभवर्तमानातील धन्यवचनांत आत्म्याने दीन असणारे पहिले येतात आणि शांती करणारे सातवे. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला आपल्या सत्तेचा आणि ज्ञानाचा आधार सोडवत नाही, तो गरिबाशेजारी बसला तरी दाता म्हणूनच बसतो, आणि दात्याने घडवलेल्या समेटाला समोरचा केवळ मान डोलावतो. लूक तर थेट गरिबांना, भुकेल्यांना धन्य म्हणतो. त्यामुळे दीनता ही मनाची एक भावावस्था ठरवून मोकळे होता येत नाही.

या क्रमाची कसोटी चांद्याशी, म्हणजे आजच्या चंद्रपूरशी, जोडलेल्या एका प्रसंगात लागली. अ‍ॅलेक्स वुड स्कॉटिश एपिस्कोपल मिशनचे मिशनरी म्हणून चांद्यात राबले आणि पुढे नागपूरचे बिशप झाले. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले इंग्रज धर्मगुरू व्हेरिअर एल्विन गांधीजींच्या बाजूचे होते. गांधीजींचे सहकारी जमनालाल बजाज यांच्या सांगण्यावरून 1932 मध्ये एल्विन आपले सोबती शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. तिथल्या धर्मसेवेच्या परवान्यासाठी बिशप म्हणून वुड यांनी ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ मागितली आणि एल्विन यांनी ती नाकारली. परवाना मिळाला नाही. 1935 मध्ये एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले.

वुड यांच्या सेवाभावावर शंका घेण्याचे कारण नाही. पण माणूस दीन असला म्हणून त्याची संस्था दीन होत नाही. राज्याच्या छत्राखाली उभ्या असलेल्या चर्चला त्या छत्राबाहेरच्या आदिवासीची बाजू घेणे परवडले नाही. एल्विनही निर्दोष नव्हते. शिकवायला गेलेल्या या माणसाला शिकायला वेळ लागला. मात्र हिवाळे यांच्यासोबत त्यांनी गोंडांची गाणी नोंदवली, आणि तिथून त्यांचे ऐकणे सुरू झाले.

हाच क्रम चंद्रपूरच्या शेजारीही तपासता येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल गावाहून सावलीमार्गे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली लागते. 1980 नंतर तिथल्या जंगलातील गावे माओवादी आणि पोलीस यांच्यामध्ये सापडली. दोघांचाही संशय त्यांच्यावर. अशा ठिकाणी बाहेरून आणलेला शांतीचा उपदेश पोकळ ठरतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने वेगळी वाट धरली. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरचा कार्यकर्ता तिथे अभ्यासगटातला सहाध्यायी म्हणून राहिला. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबू कुणाचा, हा प्रश्न सुटल्याशिवाय या जंगलात शांती टिकणार नाही, हे त्या गावाला आपल्याआधी कळले होते.

मेंढा ख्रिस्ती गाव नाही, आणि तिथे ख्रिस्ताचे नाव कुणी घेतले असेही नाही. तरी धन्यवचनांचा क्रम तिथे दिसतो. चंद्रपूर-गडचिरोलीत शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या ख्रिस्ती मंडळींना माझी विनंती आहे : ग्रामसभेत जा, मागे बसा, आणि वनहक्काच्या दाव्यासाठी गावाने कागद मागितला तर तो लिहून द्या.