फितुरीची हाकाटी आणि फायरवॉलचा इशारा

नगरच्या भुईकोट किल्ल्याचा विषय निघाला की आपण १५९५-९६च्या वेढ्यात रमतो. शहजादा मुरादच्या फौजेने तटाखाली सुरुंग खोदले, त्याची खबर आत पोचली आणि चांदबीबीच्या माणसांनी काही सुरुंग आतूनच निकामी केले. एक मात्र उडाला. खिंडार पडलं, ते रातोरात बुजवलं. तो इशारा खरा होता.

आज १६००कडे वळू. आता वेढा दानियालचा होता. किल्ला टिकत नाही हे ओळखून चांदबीबी तहाच्या विचारात होती. फिरिश्ता लिहितो, हमीदखानाने ती मोगलांना मिळाल्याची हाकाटी केली, जमाव आत घुसला आणि तिला ठार मारलं. बोलणी म्हणजे फितुरी का, हे विचारायला कुणी थांबलं नाही. लवकरच किल्लाही गेला.

हे आज का सांगतोय? आम्ही काही जण जिल्ह्यातल्या संस्थांची नेटवर्कं सांभाळतो. एका संस्थेची नगरची कचेरी आणि संगमनेरची शाखा व्हीपीएनने जोडलेली. नगरच्या फायरवॉलवर दिवसभर एकच इशारा: कुणीतरी खोट्या पत्त्याने घुसतंय. वर महिनाअखेरीची कामं अडलेली, कारण फायरवॉल ती रहदारी फेकून देत होता.

पत्ता पाहिला तर १९२.१६८.१ने सुरू होणारा. हे पत्ते खासगी वापराचे, कुणीही आपल्या कचेरीत लावावेत असे. शाखेने तेच लावलेले, नगरनेही तेच! आता आपल्याच वाड्यातलं नाव सांगणारा माणूस वेशीबाहेरून आला, तर पहारेकरी त्याला तोतया म्हणणारच. (पानिपतानंतर उभा राहिलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवा.) पहारेकऱ्याचं काही चुकलं नव्हतं. 'हल्लेखोर' होता शाखेतला हिशेबाचा संगणक.

संस्थेतले म्हणाले, व्हीपीएनपुरती तपासणीच बंद करा ना. आम्ही नाही म्हटलं. शाखेतल्या संगणकात व्हायरस शिरला तर तो त्याच वाटेने नगरला येणार. त्याऐवजी शाखेचे पत्ते बदलले आणि नवे पत्ते कोणत्या वाटेने येतील ते दोन्ही फायरवॉलना सांगितलं. दुपारपर्यंत इशारे थांबले.

पूर्ण नाही. एक उरला होता, शाखेतल्याच दुसऱ्या संगणकाचा. तो सर्व्हरची एकेक दारं चाचपत होता. तो खरा निघाला. आधीच्या गर्दीत कुणाला दिसलाच नव्हता.