माळढोक आणि सातबारा

मागच्या वेळी आपण विहिरींच्या इतिहासाबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहोत माळाबद्दल. गटातल्या थोरल्या बायका म्हणाल्या, "अगं, तुम्ही माळढोकाचं सांगा. आम्ही तो खुरपताना पाहिलाय, आता नातवंडांना चित्रात दाखवावा लागतो." म्हणून आम्ही ही गोष्ट शोधायला बसलो.

माळढोक म्हणजे जवळजवळ मीटरभर उंच, जड पक्षी. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. झाडावर बसत नाही, घरटं बांधत नाही. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून माळावर घुमतो. मादी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते, आणि उबवण्यापासून पिल्लू वाढवण्यापर्यंत सगळं तीच बघते. नर फिरकतसुद्धा नाही. (इथे रेकॉर्डिंगच्या वेळी आम्ही सगळ्याच हसलो होतो.) खाणं काय, तर नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, हरभरा, ज्वारी. कोरडवाहू शेत आणि गवताळ पड जिथे शेजारी शेजारी असतात, तिथे हा पक्षी सुखात राहतो. म्हणजे आपल्याच शेताच्या बांधावर.

पूर्वी तो इतका होता, की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमध्ये फिरलेल्या कर्नल साइक्स यांनी, एका साहेबाने एकट्याने हजारभर माळढोक मारल्याची नोंद करून ठेवली. ती शिकार पोटासाठी नव्हती, शौकासाठी होती. पुढे जीप आल्या. उघड्या माळावर जीपपुढे जड पक्षी किती पळणार?

कायदे अगदीच नव्हते असं नाही. 1912 सालच्या इंग्रजी कायद्यात माळढोकाच्या जातीचे पक्षी, हरणं, ससे यांच्या शिकारीला बंदीचा हंगाम ठरवता येत होता. पण त्यातच एक कलम असं, की मालमत्तेच्या रक्षणासाठी खरोखरच जनावर मारलं तर गुन्हा नाही. शेतकऱ्याला मोकळीक होती. त्या काळच्या कायद्याची नजर मुख्यतः पुढच्या हंगामात शिकार शिल्लक राहावी यावर होती.

मग 1972 आलं. आपल्याकडे ते साल दुष्काळाचं म्हणून लक्षात आहे, सुकडी आणि खडी फोडण्याचं. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. माळढोक आणि काळवीट दोन्ही पहिल्या अनुसूचीत गेले. पहिल्या अनुसूचीतलं जनावर पिकात शिरलं म्हणून मारायची परवानगीसुद्धा मिळत नाही. ती मिळते फक्त माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी, आजारी असेल तर.

दुष्काळानंतर सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर वन खात्याने गवताचे पट्टे चराईपासून राखले. हेतू चाऱ्याचा होता. पण राखलेल्या गवतात माळढोकाला आडोसा मिळाला आणि पक्षिमित्रांचं लक्ष तिकडे गेलं. इथपर्यंत सगळं चांगलंच झालं, असं आम्हाला वाटतं.

गोष्ट अडली ती 1979 मध्ये. सरकारने सोलापूर आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केलं, तब्बल 8,496 चौरस किलोमीटर! त्यात जंगल थोडं, आणि गावंच्या गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा जास्त. कायद्यात असं आहे, की अभयारण्याची पहिली अधिसूचना निघाली की त्या जमिनीत नवा हक्क मिळत नाही, वारसाने मिळाला तरच. म्हणजे सासऱ्याची जमीन नवऱ्याच्या नावावर चढेल, पण बाईने मजुरीतून साठवलेल्या पैशातून अर्धा एकर घ्यायचा म्हटला तर अडचण. लेकीच्या लग्नाला, दवाखान्याला जमीन विकायची वेळ आली की गिऱ्हाईक नाही. माणसं चिडली. राग सरकारवर होता, पण बोट पक्ष्याकडे जायचं.

अखेर तीसेक वर्षांनी अभयारण्याची हद्द कमी करून सुमारे 1,222 चौरस किलोमीटर केली. तोवर माळच बदलला होता. 1980 मध्ये उजनी धरण झालं, पाणी फिरलं, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षं आली. यासाठी शेतकऱ्याला दोष देणं आम्हाला पटत नाही. पाणी आलं तर कोण ज्वारीच करत बसेल? पण उसात माळढोक राहत नाही. त्यात विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही; तारेला धडकून मरतो. मोकाट कुत्री अंडी-पिल्लं खातात. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. नान्नजला तर एखादा दिसला तरी बातमी होते.

काळविटाचं उलट झालं. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला 1980 मध्ये अभयारण्य केलं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळवीट वाढले. पण हरणाला हद्द कळत नाही, ते कोवळ्या हरभऱ्यात उतरतात. मग रात्री बॅटरी घेऊन राखणीला कोण जातं, ते ऐकणाऱ्या बायकांना सांगायला नको. नुकसानभरपाई आहे. त्यासाठी अर्ज, पंचनामा लागतो आणि सातबारा लागतो. ज्या बाईच्या नावावर सातबाराच नाही, ती राखण करते आणि भरपाई दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

या अर्जाला कोणती कागदपत्रं जोडायची आणि बाईने सामायिक खात्यावर नाव कसं लावून घ्यायचं, हे पुढच्या बुधवारी संध्याकाळी सांगू. गटात कुणाकडे जुनी फेरफाराची नक्कल असेल तर घेऊन या, ती वाचून दाखवू.