शाकारणी: कर्जत-खालापूरच्या छपरांचा इतिहास

सह्याद्रीच्या पायथ्याच्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पायथ्याच्या गावांत तो तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, तर माथेरानच्या पठारावर पाच हजारांच्या आसपास. उरलेले आठ महिने कोरडे असतात आणि त्यांतले शेवटचे दोन-तीन कडक उन्हाचे. त्यामुळे छपराला दोन कामे करावी लागतात: पाणी झटपट खाली टाकायचे आणि ऊन आत येऊ द्यायचे नाही. ही दोन्ही कामे करणारे छप्पर एकदा घातले की झाले, असे इथे नव्हते. मृगाच्या आधी दरवर्षी ते शाकारावे, म्हणजे गवत किंवा कौले नव्याने रचून नीट करावे लागे. ही शाकारणी कोणी करायची आणि कशाने, यातूनच इथल्या छपरांचा इतिहास घडला.

या भागातल्या छपराचा सर्वात जुना पुरावा दगडात आहे. राजमाचीच्या पायथ्याजवळच्या कोंढाणे लेण्यातील चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. त्याच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या, आणि शेजारच्या विहाराचे छत तुळया-वाशांची नक्कल करून कोरलेले आहे. खडकात कोरलेल्या छताला वाशांची गरज नसते. तरीही ते दाखवले, कारण कारागिरांच्या डोळ्यांपुढे लाकडाचे आणि गवताचे घरच होते.

तशी घरे ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर विसाव्या शतकातही सर्रास होती. कारवीच्या काठ्यांचे कूड शेण-मातीने लिंपायचे, मेढींवर आढे टाकायचे, त्यावर बांबूचे वासे आणि वर सागाची किंवा पळसाची पाने, गवत, भाताचा पेंढा. गवत वळचणीपासून वर आढ्याकडे थरावर थर चढवीत बांधले जाते, म्हणजे वरच्या थराचे पाणी खालच्या थराच्या पाठीवरून ओघळते. उतार कमी ठेवला तर पाणी मुरते आणि गवत कुजते. जाड थरात अडकलेली हवा ऊन आत येऊ देत नाही. वैशाखात अशा घरातला गारवा नंतरच्या कोणत्याही छपराला साधला नाही, असे म्हणायला हरकत नाही. चुलीच्या धुराला वेगळी वाट ठेवलेली नसे. तो गवतातूनच बाहेर पडे, भर पावसात गवत आतून सुकवी आणि बांबूला भुंगा लागू देत नसे. कुडाच्या भिंतीला पाणी लागले तर ती विरघळते, म्हणून वळचण बरीच पुढे आणि खाली ओढलेली असे. इतकी खाली, की दारातून वाकूनच आत जावे लागे. या घराला सर्वात मोठे भय आगीचे असे.

गवत फुकट मिळत असले तरी त्याला वाटेकरी पुष्कळ होते. तोच पाला, तेच गवत भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, लागे आणि गुरांनाही लागे. १८७८ च्या वन कायद्याने जंगलातून काय आणता येईल यावर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. राब हा त्याच्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्याच काळात ठाणे जिल्ह्यातले गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी विकले जाऊ लागले. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर हा त्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग.

गावातल्या बऱ्या परिस्थितीच्या घरांवर नळीची कौले असत. कुंभार चाकावर निमुळती नळी काढी आणि ओली असतानाच तिचे उभे दोन भाग करी. भाजल्यावर काही कौले उताणी आणि त्यांच्या सांध्यांवर दुसरी पालथी, अशा ओळी बसवायच्या. ही कौले कशालाच बांधलेली नसतात, नुसत्या वजनावर आणि एकमेकांच्या आधारावर राहतात. त्यामुळे वानरांची एक टोळी वरून गेली की वर्षाची शाकारणी वाया जाते. फटींतून हवा खेळते आणि घर तापत नाही, पण तिरका पाऊसही त्याच फटींतून आत येतो. माळ्यावर भात, पेंढा आणि सरपण भरलेले असे, आणि कौलांखालचा तो आणखी एक थरच होता.

रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली, म्हणजे कारखान्याचा माल इथवर यायची वाट मोकळी झाली. १८६५ मध्ये बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या चपट्या, खाचेत खाच अडकणाऱ्या कौलांनी हळूहळू कोकणभर नळीच्या कौलांना मागे सारले. एकाच मापाची असल्याने ती रिपांवर कोणालाही बसवता येत. दरवर्षी सगळे छप्पर चाळायची गरज उरली नाही, फुटलेली तेवढी बदलली की भागे. नुकसान झाले ते कुंभाराचे. गावात दरवर्षी लागणारा त्याचा माल कारखान्यातून येऊ लागला.

माथेरानची कथा थोडी निराळी आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये चौकहून तिथे चढले आणि त्यानंतर बंगले उभे राहिले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे येईपर्यंत सगळे सामान माणसांच्या डोक्यावरून नाहीतर जनावरांच्या पाठीवरून चढे. अशा ठिकाणी हलका पन्हळी पत्रा सोयीचा ठरला. पत्र्याखालची उष्णता अडवायला लाकडी छत आणि भोवती रुंद व्हरांडा असे. 

पायथ्याच्या गावांत पत्रा पसरला तो स्वातंत्र्यानंतर. लोखंडी पत्र्यापाठोपाठ ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा आला, ज्याचे भारतातले उत्पादन १९३४ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या कैमोरला सुरू झाले होते. तो गंजत नाही आणि लोखंडापेक्षा कमी तापतो. मात्र कापताना उडणारे तंतू फुप्फुसांना घातक असतात. पत्र्याचा खरा कच्चा दुवा बोल्टच्या भोकात असतो, म्हणून तिथे डांबराचे वॉशर लावतात. वाड्यांवरचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. इतक्या थोड्या दिवसांत गवत शाकारण्यापेक्षा प्लॅस्टिक अंथरून वर दगड ठेवणे किंवा पत्रा ठोकणे सोपे.

१९८५ पासूनच्या घरकुल योजनांनी विटांच्या भिंती आणल्या, आणि ज्यांना परवडले त्यांनी स्लॅब टाकला. सपाट स्लॅब या पावसात टिकवणे कठीण जाते. पाणी साचते, केसासारख्या भेगांतून सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि खालची खपली सुटते. त्यावर ब्रिकबॅट कोबा घालतात: विटांचे तुकडे उताराने रचून वर सिमेंटचा थर. तुकड्यांमुळे ऊनही काहीसे अडते, पण बोजा वाढतो आणि गळती शोधणे अवघड होते. म्हणून गेल्या काही दशकांत जुन्या स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून उतरता पत्रा टाकण्याची चाल पडली. पाणी पत्र्यावरून जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहत असल्याने स्लॅब तापत नाही. तीच जागा पेंढा आणि सरपण ठेवायलाही होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात, हे तालुके आता ज्यात आहेत त्या रायगड जिल्ह्यातील असंख्य छपरे उडाली आणि पत्र्यांची टंचाई झाली. मे महिन्यात स्लॅबवरच्या या पत्र्याच्या शेडचे बोल्ट आवळण्याचे आणि झिजलेले वॉशर बदलण्याचे काम आता बाजारगावातला फॅब्रिकेटर करतो.